वहिनींचे किरकिरे

माझ्या थोरल्या जाऊबाई काय काम करतात असं कुणी विचारलं की आमच्या घरातले सगळे आधी एकमेकांची तोंडं बघायचे, आणि मग कुणीतरी "सरकारी नोकरी आहे" म्हणून वेळ मारून न्यायचं. खरं सांगितलं तर लोक फिदीफिदी हसायचे. वहिनी मत्स्यालयात किडे सांभाळायच्या. मासेसुद्धा नव्हे हो, किडे!

मत्स्यालय म्हणजे पुढे मोठा हॉल. तिथे रंगीबेरंगी मासे, निळे दिवे, काचेला नाक लावून उभी पोरं. त्या हॉलच्या टोकाला, जिन्याखालच्या खोलीत वहिनींची टाकी. तिथे कुणी फिरकायचं नाही. चुकून आलंच कुणी तर गढूळ पाणी बघून "इथे काहीच नाही वाटतं" म्हणून परत जायचं. वहिनींना त्याचा राग यायचा नाही. राग मला यायचा. एवढे पैसे मोजून आत आलात, तर दोन मिनिटं उभे राहा की! पायात काय भोवरा आहे?

मी एकदा गेले होते बघायला. बराच वेळ मलाही काही दिसलं नाही. मग वहिनींनी बाह्या सारून हात पाण्यात घातला, तळाच्या गाळातून अलगद काहीतरी उचललं आणि माझ्या कानाशी धरलं. "किर्र किर्र किर्र!" मी दचकून मागेच सरले. वहिनी हसल्या. बोटाच्या पेराहून लहान भुंगेरा होता तो, फुगीर पाठीचा, तांबूस-काळा. कुणी उचललं की पोटाचं टोक पंखांच्या टोपणावर घासून असा ओरडतो, म्हणून सगळे त्यांना किरकिरे म्हणायचे. पोहायला लागला की पाण्यात पडलेल्या कुत्र्यासारखे पाय मारायचा, आधी एक, मग दुसरा. पण दिसतो तेवढा भोळा नाही. गाळात लाल दोऱ्यासारखे जंत असतात, त्यांना ओढून काढून फाडून खातो.

मत्स्यालयाच्या मॅडम फार शिकलेल्या. वहिनींना सगळं त्यांनीच शिकवलं, अगदी हाताला धरून. त्यांनी मला सांगितलं, शिकारी पाणभुंगेऱ्यांमधलं हे एक एवढंसं कुळ आहे. साऱ्या जगात मिळून बोटांवर मोजण्याइतक्या जाती, आणि जवळचं नातेवाईक म्हणावं असं दुसरं कुणी नाही. मी म्हटलं, "मग माझं माहेरच की हे. माणसं थोडी आणि किरकिर फार." मॅडम इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला.

हे किरकिरे गावाबाहेरच्या एका तळ्यातले. त्या तळ्यात भराव टाकला, वर ट्रक उभे करायची जागा केली. भराव पडायच्या आधी मॅडम आणि वहिनी चिखलात उतरून मिळतील तेवढे किडे आणि दोन-तीन पिंपं गाळ घेऊन आल्या. म्हणजे त्या तळ्याचं जे काही उरलं होतं, ते सगळं त्या एका टाकीत होतं.

आता भाऊजींबद्दल, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याबद्दल सांगते. आमचं आणि त्यांचं बिऱ्हाड शेजारीशेजारी, मध्ये एक भिंत, धुणंभांडी करायची मोरी एकच. भाऊजींचा धंदा इमारतींच्या पाण्याच्या टाक्या धुवायचा. शिडी लावून रिकाम्या टाकीत उतरायचं, कोपरान् कोपरा ब्रशने घासायचा, तळाचा गाळ बादलीने वर द्यायचा, उरलंसुरलं पाणी फडक्याने टिपायचं, मग ब्लीचिंग पावडर, मग पुन्हा धुणं. त्यांनी धुतलेल्या टाकीत शिरून जेवायला बसावं, असं काम. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. कुणी म्हटलं "कोपऱ्यात जरा राहिलंय", की पुन्हा खाली उतरायचे आणि वर येऊन त्याच माणसाला खाली उतरून बघायला लावायचे!

मग पावडरीने छाती धरली. बंद टाकीत वर्षानुवर्षं ती वाफ नाकात गेल्यावर दुसरं काय होणार? जिना चढला तरी धाप लागायला लागली. तोवर मोटार आणि पाईप घेऊन येणारी पोरं कामाला लागली होती, त्यामुळे भाऊजींना बोलवायचंही बंद झालं. ते खिडकीशी बसले ते बसलेच. आधी बोलणं कमी झालं, मग अंघोळीची टाळाटाळ, मग दाढीही करेनात. मी चहा घेऊन गेले तर माझ्याकडे न बघता कप घ्यायचे. वहिनी मोरीत माझ्याशी हळू आवाजात बोलायच्या, "असे बसून बसूनच संपायचे हो हे." मी म्हणायचे, "काहीतरी बोलू नका." पण मनातून मलाही तसंच वाटायचं.

त्यांच्यासमोर किड्यांचा विषय काढायची सोय नव्हती. चुकून निघाला तर म्हणायचे, "मी जन्मभर गाळ काढला, आणि माझी बायको गाळाला पाणी घालते." पूर्वी हे ते चेष्टेत म्हणायचे, मग चेष्टा गेली आणि नुसतं वाक्य राहिलं. म्हणून वहिनींनी घरात त्याबद्दल बोलणंच सोडून दिलं. जे काही सांगायचं ते मला, तेही मोरीत, नळ सोडून.

त्या वर्षी सांगण्यासारखं बरंच होतं. किरकिऱ्यांनी पाणवनस्पतीच्या पानांवर अंडी घातली. मग अळ्या झाल्या. डोकं मोठं, मागे निमुळतं होत गेलेलं अंग, टोकाला तीन शेपट्या. वहिनींचा आनंद गगनात मावेना. भांडी घासता घासता राखेने माखलेल्या बोटांनी मला आकार काढून दाखवायच्या. इतक्या वर्षांत टाकीत पहिल्यांदाच पिलं झाली होती, आणि ती व्हायलाच हवी होती. कारण वरच्या समितीने बजावलं होतं: या किड्यांची नवी पिढी टाकीत तयार झाली, तर मत्स्यालयाच्या मागच्या मोकळ्या जागेत त्यांच्यासाठी लहानसं तळं खोदू, नाहीतर खोली रिकामी करा, तिथे खेळण्यांचं दुकान काढायचंय.

"मला काही नको हो," वहिनी म्हणाल्या होत्या. "एकदा यांना उघड्या पाण्यात सोडायचंय. वर आभाळ आणि खाली गाळ. बस."

अळी मोठी झाली की पाणी सोडते, हे मला तेव्हा कळलं. काठावरच्या ओल्या मातीत शिरते, आत खोलीसारखी पोकळी करते, तिथे तिचा कोश होतो, आणि मग त्यातून भुंगेरा निघून पाण्यात परततो. त्यासाठी वहिनींनी टाकीच्या एका बाजूला त्याच जुन्या तळ्याचा गाळ थापून उतार केला होता. अळ्या एकेक करत त्या उतारावर चढल्या आणि मातीत दिसेनाशा झाल्या. टाकीत आता वरून बघण्यासारखं काहीच नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "आता त्या मातीला हात लावायचा नाही. फक्त ओल राखायची आणि वाट बघायची." समिती यायच्या सुमाराला पहिले भुंगेरे बाहेर पडतील असा त्यांचा अंदाज होता. वहिनींचा जीव टांगणीला लागला होता, पण चेहरा बघाल तर नव्या नवरीसारखा.

आणि समिती उद्या येणार म्हणून आज वहिनी तापाने फणफणल्या. सुट्टीचा दिवस. मत्स्यालय बंद, मॅडम बाहेरगावी, त्या दुसऱ्या दिवशी सकाळी परस्पर येणार होत्या. किरकिऱ्यांना जंत टाकायचे राहिलेले. वहिनी उठायला गेल्या आणि दाराला धरून खाली बसल्या. मी त्या वेळी माझ्या भावाकडे गेले होते. दुपारी परत आले तेव्हा वहिनी पांघरूण घेऊन पडलेल्या आणि खिडकीतली खुर्ची रिकामी.

"भाऊजी कुठायत?"

"गेलेत," वहिनी म्हणाल्या. तापाने डोळे लाल, पण हसत होत्या. "स्वतःहून म्हणाले, दे किल्ली, मी टाकून येतो जंत. दाढी केली हो त्यांनी! किती दिवसांनी केली. इस्त्रीचा शर्ट मागितला."

मला काय, बरंच वाटलं. मी त्यांच्या कपाळावर ओली घडी ठेवली. म्हटलं, देव पावला म्हणायचा.

भाऊजी उन्हं उतरल्यावर आले. बाह्या कोपरापर्यंत वर, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, शर्टाला गाळाचे डाग. धाप लागली होती, पण तोंडावर असं तेज की मी बघतच राहिले. वहिनींच्या उशाशी बसले आणि बोलायला लागले. इतके बोलले की मधले सगळे गप्प दिवस भरून काढावेत.

"अगं, काय ती टाकी! मला लाज वाटली बघून. उद्या मोठी माणसं येणार आणि काचेवर शेवाळ, पाणी गढूळ, एका बाजूला तर मातीचा ढीगच! माझी बायको जिथे काम करते ती टाकी असली? लोक काय म्हणतील? म्हटलं, आपण कशाला आहोत मग!"

वहिनी उठून बसल्या.

"घाबरू नकोस, नळाचं पाणी नाही वापरलं. त्यात औषध असतं, मला तेवढं कळतं. पिंपात भरून ठेवलेलं होतं ना, तेच घेतलं. पावडरीचा कणही लावला नाही. आधी किडे एकेक करून हाताने काढले, बादलीत ठेवले. ओरडतात गं ते! कानाला लावून बघितला एक. मला माहीतच नव्हतं." हे सांगताना भाऊजी लहान मुलासारखे हसले. "एकालाही दुखवलं नाही. काच आतून-बाहेरून घासली. आता बघशील तर आरसा वाटेल. मग सगळे परत सोडले, जंत टाकले, तेव्हा निघालो."

"आणि ती माती?" वहिनींनी विचारलं.

"सगळी काढली. कोपऱ्यातही ठेवली नाही. मागच्या गटारात टाकली आणि वरून पाईप सोडला, नाहीतर उद्या वास मारायचा."

मी वहिनींकडे बघितलं. त्या भाऊजींच्या हातांकडे बघत होत्या. नखांत काळा गाळ अडकलेला होता. नवरा कौतुकाची वाट बघत समोर बसलेला. मला वाटलं, आता या किंचाळणार. मी तरी किंचाळले असते. अहो, मी त्या माणसाचं नाव काढून गल्ली गोळा केली असती!

"छान केलंत," वहिनी म्हणाल्या. "दमला असाल. अंघोळ करून घ्या."

भाऊजी मोरीत गेले, आणि चक्क गुणगुणत होते. वहिनींनी पांघरूण फेकलं, माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "चला." भाऊजींना मी दाराबाहेरून ओरडून सांगितलं की डॉक्टरांकडे जाऊन येतो. अंगात एवढा ताप घेऊन ही बाई रस्त्याने पळत होती आणि मी मागून "वहिनी, हळू! वहिनी, पडाल!" करत होते.

मत्स्यालयाच्या मागे उघडं गटार आहे. भाऊजींचं काम चोख, सांगायलाच नको. गटार धुऊन लख्ख झालेलं होतं. पुढे जिथे जाळी लावलीय, तिथे थोडा गाळ अडकला होता, केस, पानं, प्लास्टिकच्या पिशव्या यांच्यात. वहिनी गटारात उतरल्या. मीही उतरले, नाक धरून. त्यांनी आतून चाळण आणली आणि आम्ही मूठ मूठ गाळ चाळायला बसलो. पहारेकरी येऊन विचारून गेला, "काय हरवलं बाई?" वहिनी म्हणाल्या, "कानातलं."

कोश मिळाले. पांढरे, मऊ, भाताच्या शितासारखे, आणि बहुतेक फुटलेले. एखाद्यात आत दुमडून ठेवलेले पाय दिसत होते. वहिनी प्रत्येक कोश तळहातावर घेऊन बघायच्या आणि बाजूच्या कट्ट्यावर ठेवायच्या. अंधारून येईपर्यंत एकच धड मिळाला. तो त्यांनी ओल्या मातीत, एका वाटीत ठेवला आणि वाटी पदराखाली धरली.

परतताना मला राहवेना. म्हटलं, "सांगा ना त्यांना! निदान कळू तरी दे काय करून ठेवलंय ते. सारखं आपलं तुम्हीच का तोंड दाबून सोसायचं?"

वहिनी रस्त्यातच थांबल्या. "सांगून तो गाळ परत येणार आहे का?" म्हणाल्या. "आणि मग हे त्या खुर्चीवर जे बसतील, ते पुन्हा उठतील असं वाटतं तुम्हाला?"

मी नुसती त्यांच्या दंडाला धरून चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी समिती आली. वहिनी तापातच कामावर गेल्या होत्या, त्यांनीच मला सगळं सांगितलं. समितीच्या प्रमुखांनी काचेवरून बोट फिरवून बघितलं आणि म्हणाले, "वा! स्वच्छता वाखाणण्यासारखी आहे." मॅडम दाराशीच थिजल्या. प्रमुखांनी विचारलं, "आणि ती नवी पिढी कुठे आहे?" मॅडमनी टाकीच्या त्या रिकाम्या, घासलेल्या बाजूकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नाही आता."

सगळे गेल्यावर मॅडमनी दार लावून घेतलं. "कुणी केलं हे?"

"मी केलं," वहिनी म्हणाल्या. "साहेब येणार म्हणून. तापात होते, डोकं चाललं नाही."

"तुम्ही?" मॅडम म्हणाल्या. "तुम्ही कराल असं?"

वहिनी मान खाली घालून उभ्या राहिल्या. मॅडम रागावल्या असत्या तर परवडलं असतं, असं त्या मला म्हणाल्या. मॅडम नुसत्या खुर्चीवर बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. वाटीतला तो कोश मॅडमनी स्वतःच्या कपाटात ठेवला, रोज ओल बघितली. तो आधी करडा झाला, मग काळा, आणि मग त्यावर बुरशी आली.

मोठे किरकिरे म्हातारे होते. पुन्हा अंडी घातली नाहीत त्यांनी. एकेक करून कमी होत गेले, तरी वहिनी रोज जंत टाकायला जायच्या. शेवटी शेवटी हात घालून तळ चाचपावा लागायचा, कुणी आहे का बघायला. एक दिवस काहीच किरकिरलं नाही. टाकी उचलून मागच्या खोलीत नेली आणि तिथे प्लास्टिकचे मासे, चावीची कासवं विकायला लागले. वहिनींना फाटकावर बसवलं, तिकिटं फाडायला. आल्यागेल्याला अर्धं तिकीट परत द्यायचं, एवढंच काम.

आणि भाऊजी? भाऊजी सुधारले. रोज दाढी करायला लागले. शेजाऱ्यांच्या मोरीतली पिंपं, गच्चीवरच्या लहान टाक्या, झेपेल तेवढं धुऊन द्यायचे. कोपऱ्यावर चहा प्यायला जायचे, आणि तिथे भेटेल त्याला मत्स्यालयाच्या टाकीची गोष्ट सांगायचे. समितीच्या प्रमुखांनी बोट फिरवून काय म्हटलं, तेही सांगायचे, कारण वहिनींनी घरी येऊन त्यांना तेवढंच सांगितलं होतं. खोली वरच्या लोकांनी बंद केली, असं पुढे सांगितलं. भाऊजींनी दोन शिव्या हासडल्या वरच्या लोकांना आणि विषय संपला. मी हे सगळं ऐकायचे आणि भांडी आपटायचे. दुसरं काय करणार?

मग एका संध्याकाळी भाऊजी बाहेरून आले ते गप्पच. चपला सरळ लावल्या नाहीत. मी वहिनींकडे भाजी निवडत बसले होते. भाऊजी आमच्यासमोर उभे राहिले.

"तुमचा तो पहारेकरी भेटला होता," ते वहिनींना म्हणाले. "तो म्हणतो, ते किडे तुझ्या हातून गेले. तुझी काहीतरी मोठी चूक झाली. वरून ठपका आला, म्हणून तुला फाटकावर बसवलं. खरं आहे हे?"

वहिनींच्या हातातली जुडी तशीच राहिली. "हो," त्या म्हणाल्या.

"काय चूक?"

"झाली. लक्ष राहिलं नाही माझं."

"लक्ष राहिलं नाही?" भाऊजींचा आवाज चढला, धाप लागली. "अगं, मी एवढी आरशासारखी टाकी करून हातात दिली तुला! एकेक जीव हाताने उचलून ठेवला होता मी, फुलासारखा! आणि तुला ते टिकवता आलं नाही? इतकी वर्षं तिथे काय केलंस मग?"

माझी जीभ अगदी दातांशी आली होती. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, आणि मी मूग गिळून भाजीत बघायला लागले. हातातली पानं कुठली चांगली, कुठली किडकी, काही दिसत नव्हतं मला.

"चुकलं माझं," वहिनी म्हणाल्या.

मग त्यांचा राग उतरला. माणूस मुळात वाईट नाही हो, कधीच नव्हता. ते खाली वहिनींजवळ बसले, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि समजावल्यासारखं म्हणाले, "जाऊ दे. होतं असं माणसाकडून. मी काही मनात ठेवणार नाही. तूही ठेवू नकोस. काय?"

तेव्हा वहिनी रडल्या. गटारात रडल्या नव्हत्या, मॅडमसमोर रडल्या नव्हत्या, फाटकावर बसवलं तेव्हाही नाही. आता मात्र तोंडावर पदर दाबून हमसून हमसून रडल्या. भाऊजी त्यांची पाठ थोपटत राहिले आणि माझ्याकडे बघून हसले.

"बघा," ते मला म्हणाले, "एवढंसं बोललो तर रडू आलं तिला. फार हळवी आहे हो."